चोरट्याने माझ्या वॉलेटमधून दुकानात खरेदी केली, तर भुर्दंड कोणाला?

तुम्ही लिहिलंय की फोन चोरीला गेला आणि त्याच संध्याकाळी त्यातल्या वॉलेटमधून दोन दुकानांत पैसे गेले. कंपनी म्हणते, ‘पिन बरोबर पडला, म्हणजे व्यवहार तुमचाच.’ दुकानदार म्हणतो, ‘मी माल दिलाय, माझा काय संबंध?’

दुकानदाराचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असतं. समोरचा फोन कोणाचा आहे हे तपासणं त्याच्या हातात नसतं. तो चोराला सामील नसेल तर त्याच्याशी भांडून उपयोग नाही. उलट त्याच्याकडून बिलाची वेळ आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा, पोलिसांना ते लागेल.

कंपनीचं म्हणणं मात्र असं निमूट मान्य करू नका. मी बँकेत तक्रारींचं काम केलंय. ‘पिन बरोबर होता’ एवढं ऐकून माणसं पैशांवर पाणी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये बँकांसाठी आणि जानेवारी २०१९ मध्ये बिगरबँक वॉलेट कंपन्यांसाठी याचे नियम केले. त्यांत स्पष्ट आहे की ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं किंवा कंपनीचं. तुमचा पिन चोराला तुमच्याच हलगर्जीपणामुळे मिळाला, हे त्यांनी दाखवायचं. तेव्हा ‘कशाच्या आधारे म्हणता?’ हे ईमेलवर विचारा, फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका.

आता नियम. कंपनीच्या बाजूने ढिलाई असेल, तर तुम्ही कधीही कळवा, तुमच्यावर एक रुपयाही नाही. चूक तुमचीही नाही आणि कंपनीचीही नाही, अशा वेळी व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून ३ दिवसांत कळवलंत तरी तेच. ४ ते ७ दिवस लागले, तर व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढं तुमच्या माथी. त्यापुढे कंपनीचं धोरण काय म्हणतं ते. आणि पिन किंवा ओटीपी तुम्हीच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते कंपनीचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि त्याची वेळ याला एवढं महत्त्व.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. व्यवहाराचा संदेश आला तो चोराच्याच हातातल्या फोनवर. सिम कधी बंद केलं आणि पोलिसांत तक्रार कधी दिली, याचे कागद सोबत जोडा, म्हणजे तुम्हाला कधी कळलं हे दिसेल.

पैसे वॉलेटच्या शिलकीतून गेले की यूपीआयने थेट बँक खात्यातून, हेही आधी बघा. ॲप एकच असलं तरी खात्यातून गेले असतील तर २०१७ चा नियम लागतो आणि बँकेकडेही तक्रार हवी. तिथे ३ दिवस म्हणजे कामकाजाचे दिवस.

दुकानातल्या क्यूआर कोडवर भामट्याने स्वतःचा बनावट स्टिकर चिकटवला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे हे संरक्षण सहसा मिळत नाही. आणि गिऱ्हाईकाने खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेला, तर पैसे आलेच नाहीत. तो तोटा दुकानदाराचा.

आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखता येतात. यात कधी कधी प्रामाणिक दुकानदाराच्या खात्यातली रक्कमही अडकते, म्हणूनच त्याच्याशी भांडू नका म्हटलं. तुम्ही कळवल्यापासून १० दिवसांत कंपनीने तुमची गेलेली रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.