शून्य निकाल म्हणजे रिसर्च गॅप नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: संत्र्यावरच्या डिंक्या रोगावर प्रोजेक्ट आहे. शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये ‘नागपूर ऑरेंज डिसीज’ टाकलं की एक तर काही येत नाही, नाहीतर जगभरच्या मोसंबीचे पेपर येतात. गाइड म्हणतात, मिळत नाही म्हणजे गॅप आहे, यावर काम झालेलंच नाही, तसं सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) लिहून टाक.

लिहू नका. इथे नागपुरातच एका सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य होतं, ‘विदर्भात या रोगावर काम झालेलं नाही’. विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत, म्हणजे आरआरसीत, ते टिकलं नाही. नंतर तो शोध मी पहिल्यापासून करून पाहिला, आणि दोष विषयात नव्हता, शब्दांत होता.

पहिली चूक ‘ऑरेंज’. आपल्या संत्र्याला पेपरांत ‘नागपूर मँडरिन’ म्हणतात, कधी ‘नागपूर संत्रा’, नाहीतर नुसतं ‘सिट्रस रेटिक्युलाटा’. दुसरी चूक ‘डिसीज’. शीर्षकात हा शब्द बहुतेक वेळा नसतोच. डिंक्याला कुणी गमोसिस लिहितं, कुणी फूट रॉट, कॉलर रॉट, रूट रॉट. बाग वाळत चालली असेल तर सिट्रस डिक्लाइन. रोगकारक फायटोफ्थोरा, पण तिथेही मेख आहे: त्याच्या ज्या प्रजातीला आज निकोशियानी म्हणतात, ती जुन्या पेपरांत पॅरासिटिका नावाने आहे. एकच नाव टाकलंत तर जुनं काम निम्मं हातातून जाईल.

तेव्हा दोन गट करा, एक पिकाचा, एक रोगाचा. गटातले पर्याय ऑरने जोडायचे, दोन्ही गट अँडने, आणि प्रत्येक गटाला कंस घालायचाच. कंस विसरलात तर वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस अँड आधी सोडवतो, पबमेड हा डावीकडून उजवीकडे जातो; म्हणजे शोधाची तीच ओळ दोन ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारते. हे ऑपरेटर पबमेडमध्ये कॅपिटलमध्येच लिहा.

‘रूट रॉट’ अवतरणात टाकलं की ‘रूट अँड कॉलर रॉट’ लिहिणारा पेपर निसटतो. वेब ऑफ सायन्समध्ये रूट आणि रॉट यांच्यामध्ये निअर, तिरकी रेघ आणि 3 टाका. दोन शब्दांत तीनपर्यंत शब्द असले तरी सापडतील. मोसंबी नको म्हणून नॉट मात्र वापरू नका. संत्रा आणि मोसंबीची तुलना करणारे पेपर, जे तुम्हाला सगळ्यात जास्त हवेत, तेच आधी उडतात. निकाल फार आले तर शोध शीर्षक, गोषवारा आणि कीवर्ड एवढ्यापुरता ठेवा. तेवढ्याने बराच गाळ निघतो.

मग खरी कसोटी. विषयावरचे चार-पाच पक्के पेपर आधीच हाताशी ठेवा. नागपूरच्याच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे सहज मिळतील. तुमची ओळ त्यातला एखादा पकडत नसेल, तर त्याचे कीवर्ड उघडा, राहिलेला शब्द सापडेल. तो गटात घाला आणि पुन्हा चालवा. प्रत्येक वेळी तारीख, डेटाबेस, पूर्ण ओळ आणि निकालांची संख्या वहीत लिहा. गाइडशी वाद झाला तर हेच पान पुढे करा.

गूगल स्कॉलर शेवटी घ्या. तिथे तारांकन (शब्दाची सगळी रूपं शोधायला शेवटी लावतात ते *) चालत नाही आणि पहिल्या 1000 निकालांपुढे काही दिसत नाही. कृषी विद्यापीठांचे प्रबंध मात्र कृषिकोशावर बघाच, बाकीचे शोधगंगेवर. आपल्याकडचं कितीतरी काम जर्नलमध्ये आलेलंच नसतं.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं करूनही खरोखर काही हाती लागलं नाही, असं होऊ शकतं. तेव्हा ‘काम झालेलं नाही’ असं न लिहिता, कोणत्या डेटाबेसात, कोणत्या तारखेला, कोणत्या ओळीने शोधून सापडलं नाही ते लिहा. आणि वैद्यकीय विषय असेल तर वरच्या गटांत मेशची, म्हणजे पबमेडच्या ठरावीक विषय-शब्दांच्या यादीतली, शब्दावली जोडावी लागते. तिथली पद्धत थोडी वेगळी आहे.