डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव का दिलं?

लमाण पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून इकडचा माल तिकडे पोचवायचे. माल दुसऱ्याचा, वाहणं त्यांचं. लागूंच्या मते नटही तसाच: लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत नेऊन देणारा. कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेला हा माणूस १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नट झाला आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं. तरी स्वतःला हमाली करणाऱ्याच्या जागी ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

मला ते कळलं इथे नागपुरात, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत. मी म्हातारा बाप करत होतो. मुलगा घर सोडतो त्या प्रसंगाला खरंच रडलो, आवाज घशातच अडकला. वाटलं, जमलं! दिग्दर्शक पार मागच्या भिंतीपाशी उभे होते. म्हणाले, “रडला तू बाप्पा, पण वाक्य इथवर आलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी रडणं गिळलं. वाक्य सरळ म्हटलं, फक्त कप खाली ठेवताना बशी जराशी वाजली. विंगेतल्या गप्पा तिथेच थांबल्या.

नाटक करत असाल तर पुस्तक जरूर वाचा.