चुकीच्या आकाराचे टायर विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध दाद कशी मागावी?

प्रश्न: सांगोला तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे. माल सोलापूरच्या बाजार समितीत नेण्यासाठी माझ्याकडे डबल केबिन पिकअप असून तिची नोंदणी मालवाहू म्हणून आहे. सात महिन्यांपूर्वी सोलापुरातील एका दुकानातून चार ऑल-टेरेन (पक्क्या व कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीच्या नक्षीचे) टायर घेतले. गाडीचा मूळ आकार २४५/७० आर १६ असताना दुकानदाराने २६५/७५ आर १६ सुचवले आणि ‘बिनधास्त बसवा, काही अडचण येत नाही’ असे व्हॉट्सॲपवर कळवले. पाच महिन्यांत एका टायरला बाजूने फुगा आला. ‘दगडाचा मार’ असे कारण देऊन कंपनीने क्लेम नाकारला. आता गाडी पासिंगला नेली, तर टायरच्या आकारावर हरकत घेऊन परत पाठवली. दुकानदार अर्ध्या किमतीत टायर बदलून देतो म्हणतो, पण ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून मागतो. मी काय करावे?

उत्तर: त्या कागदावर आपण सही करू नये, हे सर्वांत आधी. आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, एक फुग्याची आणि दुसरी आकाराची. आपला रोष फुग्यावर आहे आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु ग्राहक आयोगापुढे टिकेल अशी आपली बाजू आकाराची आहे, आणि तीच पुढे ठेवून तक्रार लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायरला फुगा येतो तो बाजूच्या भिंतीतील धागे तुटल्यामुळे. ते दगडाच्या वा खड्ड्याच्या माराने तुटतात, कमी हवेवर जादा माल वाहिल्याने तुटतात आणि बनवतानाच जोड कच्चा राहिला असेल तरीही तुटतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तिन्ही फुगे सारखेच दिसतात. दोष उत्पादनातलाच होता हे दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारावर येते. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली टायर सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते, पण तपासणीची फी आपल्याला भरावी लागते, आणि मुरमाच्या, दगडगोट्यांच्या शेतरस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीच्या बाबतीत अहवाल आपल्या विरुद्ध जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून ही मागणी तक्रारीत असावी, पण दुय्यम म्हणून.

आकाराला प्रयोगशाळा लागत नाही; टायरच्या बाजूवर छापलेले आकडे पुरेसे आहेत. २४५/७० आर १६ टायरची उंची सुमारे ७४९ मिलिमीटर भरते, तर २६५/७५ आर १६ ची सुमारे ८०४ मिलिमीटर. हा फरक सात टक्क्यांहून अधिक आहे, म्हणजे मीटरवर ताशी ८० किलोमीटर दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावत असते. ‘मोठा टायर जास्त भार पेलतो’ असा बचाव दुकानदार करील, परंतु प्रश्न केवळ भाराचा नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे लक्षात घ्यावे असे की, हा कायदा धरतो तो मालकाला, टायर विकणाऱ्याला नव्हे. त्यामुळे हे टायर लावून गाडी रस्त्यावर आणणे आजच थांबवावे. अपघात झाल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावरही कंपनी याच कारणाने वाद घालू शकते.

मालकाची ही अडचण ज्याच्या सल्ल्याने ओढवली, त्याला मात्र कायदा मोकळा सोडत नाही. वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने सांगितले असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामास योग्य असली पाहिजे, अशी शर्त मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे गृहीत धरली जाते. ज्या टायरवर गाडी पासच होत नाही, तो मालवाहू पिकअपच्या कामास योग्य कसा म्हणावा? शिवाय ‘अडचण येत नाही’ हे विधान खोटे ठरल्याने अनुचित व्यापार प्रथेचा मुद्दाही उभा राहतो. तो व्हॉट्सॲप संदेश हा आपला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. तो पुसू नये, फोनही बदलू नये आणि त्याची प्रत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह जोडावी. मात्र त्याच संभाषणात आपणच आधी ‘गाडी उंच दिसली पाहिजे’ असा आग्रह धरलेला असेल, तर आपली बाजू कमकुवत होते, म्हणून संपूर्ण संभाषण वकिलाला दाखवावे, निवडक भाग नव्हे.

दुसरी बाजू बहुधा पहिला आक्षेप घेईल तो ‘गाडी मालवाहू आहे, खरेदी व्यापारी हेतूची आहे, म्हणून आपण ग्राहकच नाही’ हा. त्याला घाबरण्याचे कारण नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली व वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार व्यापारी हेतूत मोडत नाही, आणि मदतीला एखादा माणूस ठेवला म्हणून हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात म्हटले आहे. आपल्या बागेचा माल आपणच वाहतो, हे सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या जोडून दाखवावे. इतरांचा माल भाड्याने वाहत असाल, तर तेही लपवू नये. गाडी स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असल्यास तोही स्वयंरोजगारच आहे.

आता पुराव्याची काळजी. बियाण्यांच्या एका प्रकरणात, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याकडून नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा धरता येत नाही असे मानले, कारण बियाणे पेरले जाते. टायरला ती सवलत मिळणार नाही, तो जसाच्या तसा आयोगापुढे आला पाहिजे. टायर उतरवण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून व्हिडिओ घ्यावा. टायर मडगार्डच्या आतील प्लास्टिकला घासत असेल, तर त्या घासल्याच्या खुणा कोणत्याही युक्तिवादापेक्षा बोलक्या ठरतील. पासिंगची हरकत तोंडी असेल, तर परिवहन कार्यालयात अर्ज देऊन ती लेखी मागावी. क्लेम नाकारल्याचे कारणही कंपनीकडून लेखी घ्यावे. चारही टायर सावलीत ठेवावेत आणि दुकानात परत देऊ नयेत. पक्के बिल मिळाले नसेल, तर बिल न देणे हीच स्वतंत्र अनुचित प्रथा आहे. यूपीआयची नोंद खरेदी सिद्ध करण्यास उपयोगी पडेल.

नवे टायर घेताना ऑल-टेरेनचा नाद सोडण्याची गरज नाही, कारण हरकत नक्षीवर नसून आकारावर आहे. नोंदीच्या कागदांतला व दरवाजाच्या खांबावरील स्टिकरवरचा आकार घ्यावा. भारांक मूळ टायरहून कमी नसावा (१११ म्हणजे प्रति टायर १,०९० किलो). आयएसआय चिन्ह पाहावे. बाजूवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात, ते वाचून जुना साठा नाकारावा, आणि बिलावर आकार व प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हा खर्चही तक्रारीत दाखवता येतो.

त्यानंतर दुकानदार आणि कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवावी. उत्तर न आल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चार टायरची किंमत व्याजासह, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचा खर्च, पासिंगची दुबार फी आणि मनस्तापाची भरपाई एवढे मागावे. ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) या शीर्षकाखाली मागणी करू नये, कारण त्यासाठी टायरव्यतिरिक्त इजा वा नुकसान दाखवावे लागते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि दुकानदाराशी चाललेल्या बोलण्याने ती थांबत नाही. तेव्हा नोटीस याच आठवड्यात जावी.