आधी कान, मग डोळे

प्रिय,

मेरी शेलीच्या 'फ्रँकेनस्टाइन' कादंबरीवरच्या लेखाचा तुझा मसुदा वाचला. 'रूपावरून माणूस ओळखू नये' हे वाक्य त्यात जिथे जिथे आलंय, तिथून काढून टाक. ते खोटं नाही, पण कादंबरी न उघडताही लिहिता येतं.

त्याऐवजी वहीत तीन रकाने आख: कोण भेटतं, तो जीव (व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने घडवलेला) आधी दिसतो की ऐकू येतो, आणि पुढे काय होतं. मग एकेक भेट भरत जा. गावात शिरतो, दिसतो, दगड बसतात. बुडणाऱ्या मुलीला बाहेर काढतो, दिसतो, गोळी लागते. ही यादी वाढत जाईल आणि तिसरा रकाना कंटाळवाणा होईल. होऊ दे. त्या एकसुरीपणामुळेच अंध म्हाताऱ्या डी लेसीची नोंद उठून दिसते, कारण तिथे तो जीव आधी ऐकू येतो. (१८३१च्या आवृत्तीत हे पंधरावं प्रकरण.) घरातले बाकीचे फिरायला गेल्याची वेळ साधून तो आत जातो, बोलतो, आणि बोलणं जमतंही. मग दार उघडतं. म्हाताऱ्याची मुलगी अगाथा बेशुद्ध पडते, फेलिक्सची प्रेयसी साफी पळते, मुलगा फेलिक्स काठीने झोडपतो. त्याला चिरडण्याची ताकद असूनही तो जीव हात उचलत नाही.

इथे घाई करू नकोस. लेखाचा अर्धा ऐवज याच खोलीत आहे. एक प्रकरण मागे जाऊन फेलिक्स कोण ते बघ. पॅरिसमध्ये एका तुर्की व्यापाऱ्याला मृत्युदंड झाला होता, आणि त्यामागे गुन्ह्यापेक्षा त्याचा धर्म आणि पैसा होता. त्या अन्यायाची चीड येऊन फेलिक्सने त्याला पळून जायला मदत केली, आणि त्यापायी अख्खं कुटुंब देशोधडीला लागलं. काठी उचलणारा हात हाच. 'गावंढळ, अडाणी लोक घाबरले' हे तुझं वाक्य इथे टिकत नाही.

शब्दांचंही बघ. तू सरसकट 'राक्षस' लिहिलं आहेस. तो व्हिक्टरचा शब्द आहे. तुझ्या वाक्यात तो अवतरणचिन्हाशिवाय आला की तू व्हिक्टरच्या बाजूची साक्ष देतोयस असं होतं. मी 'तो जीव' म्हणतो. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, पण चालेल.

व्हिक्टरची नजर तो जीव जिवंत झाला त्या रात्री अचानक बिघडली असंही समजू नकोस. तिसऱ्या प्रकरणात क्रेम्पे हे प्राध्यापक बुटके, आवाजाने घोगरे, चेहऱ्याने नकोसे. त्यांचा विषयही त्याला नकोसा होतो. वाल्डमान प्रसन्न चेहऱ्याचे, त्यांच्या मागे तो लगेच जातो. पुढे आठ फुटी देह तो स्वतःच जुळवतो, अवयव सुंदर म्हणून निवडतो, आणि त्या देहाने डोळा उघडताच पळ काढतो.

आवृत्ती कोणती ते पहिल्या पानावरच लिही. १८१८च्या पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ, म्हणजे व्हिक्टरची होणारी बायको, त्याची आतेबहीण आहे. १८३१मध्ये ती गरीब घरातल्या सावळ्या मुलांत वेगळी दिसणारी, सोनेरी केसांची पोर आहे, आणि तिथून उचलली जाते ती या रूपामुळेच. तुझ्या विषयाला ही दुरुस्ती सोन्यासारखी आहे. आवृत्त्यांची सरमिसळ केलीस तर ती हातची जाईल.

चित्रपट बाजूला ठेव. १९३१च्या चित्रपटात चुकून विकृत मेंदू बसवला जातो आणि तो जीव बोलत नाही. म्हणजे दोष जन्मजात ठरला आणि बाजू मांडायला तोंडही उरलं नाही. कादंबरीच्या नेमकं उलट. एकटा राहणारा अंध साधू १९३५च्या चित्रपटातला. तुझ्या मसुद्यात तो डी लेसीच्या जागी शिरलाय.

त्याच्या कैवारात वाहवू नकोस. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम, मित्र क्लेर्वल, एलिझाबेथ हे खून त्याचेच; विल्यमच्या खुनासाठी घरातल्या मोलकरीण जस्टीनला फासावर नेणारा पुरावाही त्यानेच पेरला. विल्यमची निवडच बघ: मूल लहान आहे, त्याच्या मनात पूर्वग्रह नसेल, असा हिशेब करून तो त्याला धरतो. हिशेब चुकतो.

तुलनेला एकच पुस्तक घे: स्टीव्हन्सनचं १८८६चं, जेकिल आणि हाइड या एकाच माणसाच्या दोन रूपांचं. तिथे हाइडला पाहणाऱ्या प्रत्येकाला किळस येते, पण व्यंग नेमकं कुठे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि कथा त्या किळसेला खरं ठरवते. जेकिलचा भारदस्त चेहरा मात्र फसवतो. दोन परिच्छेद पुरेत. ड्रॅक्युला वगळ; चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखू पाहणाऱ्या लोम्ब्रोझोच्या गुन्हेगारशास्त्रापर्यंत जावं लागेल, तेवढी जागा तुझ्याकडे नाही.

शेवटासाठी दोन प्रसंग जवळजवळ ठेव. दहाव्या प्रकरणात हिमनदीवर तो जीव व्हिक्टरच्या डोळ्यांवर स्वतःचे हात ठेवतो: बघू नकोस, ऐक. आणि अखेरीस जहाजावर त्याला पाहताच, व्हिक्टरची कहाणी ऐकून लिहून ठेवणाऱ्या वॉल्टनचे डोळे आपोआप मिटतात, आणि तरीही तो त्याला थांबायला सांगतो. वहीत वॉल्टनची नोंद दुसऱ्या रकान्यात कशी करायची, ते ठरव आणि मगच पुढचा मसुदा पाठव.