‘आनंद माना’ आणि ‘आनंद मानून घ्या’

प्रश्न असा आला आहे: ‘आजारी नातेवाइकांना भेटायला आलेल्या मंडळींनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन वाचलं. नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा “आनंदच माना”. मला ते खटकलं. मानणं म्हणजे नसलेली गोष्ट आहे असं धरून चालणं ना? मग सरळ “आनंद करा” का नाही?’

खटकलं ते रास्तच आहे, पण दोष ‘मानणे’चा नाही. आपल्या कानात ‘मानून घेणे’ बसलेलं असतं, त्याचा हा परिणाम. पाहुण्यांपुढे साधंसंच वाढलं की आपण म्हणतो, ‘गोड मानून घ्या’. म्हणजे गोड नाहीये, हे दोघांनाही माहीत असतं. ‘समाधान मानणे’लाही थोडी हीच छटा आहे: हवं ते मिळालं नाही, आता आहे त्यावर भागवा. पण नुसतं ‘मानणे’ इतकं पडखाऊ नाही. आपण कुणाला गुरू मानतो, एखाद्याचा शब्द प्रमाण मानतो, उपकार मानतो. यांत खोटं काही नाही. विचार करून एखाद्या गोष्टीला दिलेली ती किंमत असते.

मूळ ग्रीकमध्ये इथे ‘हेगेओमाइ’ हे क्रियापद आहे. अर्थ गणणे, लेखणे, समजणे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच क्रियापद वापरलं आहे. जे जे पूर्वी लाभाचं होतं ते ख्रिस्तामुळे आपण हानीचं लेखलं, असं तो म्हणतो. कूळ, शिक्षण, धर्माचरणातला चोखपणा हे सगळं त्याने जमेच्या बाजूवरून खर्चाच्या बाजूला नेलं. याकोब उलट दिशेने जातो आणि संकट जमेला धरायला सांगतो. दोघेही बोलतात ते हिशोबाबद्दल. त्या क्षणी मनाला काय वाटतं, हा मुद्दा दोघांचाही नाही.

‘वाटणे’ आणि ‘मानणे’ यांतला हा फरक मराठीत फार स्वच्छ दिसतो, आणि पवित्र शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, तो पाळलेला आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात स्पष्टच म्हटलं आहे की कोणतीही शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, खेदाचीच वाटते. फळ नंतर येतं. म्हणजे ‘वाटत नाही’ हे कबूल आहे. तरीही ‘माना’ असं सांगितलं आहे, कारण याकोब पुढच्याच ओळीत कारण देतो: विश्वासाची पारख झाली की धीर उत्पन्न होतो. पुढे काय येणार हे ठाऊक आहे म्हणून मानायचं. दुखणं चांगलं आहे, असं तो कुठेच म्हणत नाही.

आणखी एक बारकावा. ‘तोंड द्यावे लागते’ हे मराठी वळण छान आहे, पण त्यात थोडी मर्दुमकी येते. मूळ क्रियापदाचा अर्थ कशात तरी सापडणे, घेरलं जाणे असा आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो, तिथेही शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने तेच क्रियापद वापरलं आहे. तो वाटसरू काही लढायला निघाला नव्हता. तेव्हा संकट ओढवून घ्या आणि मग हसा, असा अर्थ या वचनातून निघत नाही.

‘आनंदच’मधला ‘च’ही बघा. मुळात ‘सर्व आनंद’ असे दोन शब्द आहेत. ते शब्दशः आणले असते तर मराठी वाक्य लंगडं झालं असतं. एका अक्षरात भागवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

आता ‘आनंद करा’बद्दल. ते शास्त्रात आहेच: ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’. हेही फिलिप्पैकरांच्याच पत्रात, आणि पौलाने ते लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. त्याआधी खुद्द फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं; मध्यरात्री दोघे प्रार्थना करत होते, गाणी गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, असं बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. ते ‘करणे’ झालं: गाणं, स्तुती, कानांना ऐकू येणारी कृती. ‘मानणे’ त्याच्या आधी आत घडतं. म्हणून याकोबाच्या वाक्यात ‘करा’ घातलं तर अर्थ निसटेल.

राहिला प्रश्न हे वचन रुग्णाच्या उशाशी वाचावं का, याचा. वाक्य आज्ञार्थी आणि अनेकवचनी आहे, ‘बंधूंनो’ म्हणून सगळ्या मंडळीला उद्देशून आहे. धडधाकट माणसाने ते एकट्या आजाऱ्याला ऐकवलं की कितीही प्रेमाने म्हटलं तरी कानाला ‘मानून घ्या’च ऐकू येतं. पौलही रोमकरांस सांगताना आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक, असं दोन्ही सांगतो. माझं मत विचाराल तर भेटायला जाणाऱ्याने बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचावं. त्यात ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा विचारून झाल्यावर मग गाण्याची भाषा येते. याकोबाचं वचन रुग्णाने स्वतःहून काढलं, तर त्याच्याबरोबर जरूर वाचावं.