दुसऱ्या महायुद्धातल्या चार इंजिनी बॉम्बरचं मोठं आरसी (रेडिओवर उडणारं) मॉडेल घरी बनवायचंय. कोणतं विमान निवडू आणि सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की फोमची छोटी विमानं आणि बाल्साचा (हलक्या लाकडाचा) ट्रेनर उडवून झालाय, आता तीन मीटरच्या वर पंख असलेलं बॉम्बर आराखड्यावरून स्वतः बनवायचंय, आणि लँकेस्टर की बी-१७ यात अडकलाय. मी म्हणेन, दोन्ही नको. बी-२४ लिबरेटर घ्या. आणि सुरुवात शेपटीपासून करा.

आधी विमानाचं बोलू. लँकेस्टर देखणं आहे, वादच नाही. बी-१७ हवेत सगळ्यांत गरीब. पण दोन्हींचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे चार मोटरींना एकदम जोर दिला की धावपट्टीवर नाक एका बाजूला ओढलं जातं. आपल्याकडची धावपट्टी म्हणजे रोलर फिरवलेलं माळरान, तिथे हे सांभाळणं नवख्याला जड जातं. लिबरेटरला पुढे नाकाखाली चाक आहे, सरळ धावतं. उतरताना थोडं आपटलं तरी उसळी कमी मारतं.

दुसरं कारण भावनिक म्हणा. लिबरेटर आपल्या हवाई दलाचंही विमान होतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरी तळावर ही विमानं टाकून दिलेली होती, आणि पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून जाताना मोडतोडही करून ठेवली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या (आजच्या एचएएलच्या) लोकांनी त्यातली सुमारे चाळीस उडण्याजोगी केली. त्यांचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती तात्पुरती डागडुजी झालेली विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेत, पुढची दुरुस्ती तिथे होई. १९४८ मध्ये ५ नंबरचं स्क्वॉड्रन त्यावर उभं राहिलं आणि १९५१ मध्ये पुण्यात ६ नंबरचं. लोहगावच्या आकाशात चार इंजिनांचा तो आवाज ऐकलेली माणसं आजही पुण्यात भेटतात. १९६८ ला ती निवृत्त झाली, तोवर इतर देशांकडची जवळजवळ सगळी भंगारात गेली होती, म्हणून ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या संग्रहालयांनी आपल्याकडून नेली. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. जमलं तर जाऊन बघा आणि चाकांच्या खोबणीचे, इंजिनांच्या आवरणांचे भरपूर फोटो काढा. आराखड्यात जे दिसत नाही ते तिथे दिसतं.

आता प्रमाण. माझं मॉडेल एकास दहाचं आहे आणि तुम्हालाही तेच सुचवेन. मूळ पंख ३३.५ मीटर, म्हणजे मॉडेलचे ३.३५ मीटर. लांबी दोन मीटरच्या किंचित वर. मूळचा प्रोपेलर साडेतीन मीटरचा, म्हणजे मॉडेलला १४ इंची तीन पात्यांचा, आणि तो बाजारात तयार मिळतो. हे फार सोयीचं आहे, कारण स्केलमध्ये बसणारा आणि मोटरलाही मानवणारा प्रोपेलर एकच निघणं नेहमी होत नाही.

वजनाचं गणित मात्र नीट समजून घ्या. लांबी दहापट कमी झाली की पंखाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि वजन हजारपट. मूळ विमान भरलेल्या अवस्थेत साधारण २५ टनांचं. त्या हिशेबाने मॉडेल २५ किलोचं चालेल. आपल्या ड्रोन नियमांत, २०२१ च्या, मॉडेल विमानाची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. पण चालेल म्हणून तिथे जायचं नाही. १२ किलोचं लक्ष्य ठेवा. मूळ पंखाचं क्षेत्रफळ ९७ चौरस मीटर, मॉडेलचं एक चौरस मीटरला थोडं कमी. १२ किलोवर ते ताशी ४६-४७ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होईल, म्हणजे पंखाची उचल सुटेल; फ्लॅप (पंखामागच्या झडपा) खाली घेतल्यावर आणखी हळू. १८ किलोचं केलंत तर हाच आकडा ५७ च्या पुढे जातो, आणि लहान मैदानावर त्या दहा किलोमीटरांचा फरक फार मोठा असतो.

म्हणून शेपटी आधी. लिबरेटरचं नाक आखूड आणि शेपटी लांब, त्यात टोकाला दोन मोठ्या उभ्या फिन आणि मागे टरेट (बंदुकांची फिरती घुमटी). शेपटीत १०० ग्रॅम वाढले की तोल साधायला पुढे सुमारे दुप्पट शिसं घालावं लागतं. ते शिसं पेलायला पंख जाड करता, मग मोटर मोठी घेता, असं ते वाढत जातं. आडवा स्टॅबिलायझर, दोन फिन, त्यांच्यामागच्या हलत्या झडपा म्हणजे दोन रडर आणि इलेव्हेटर, त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो, तारा, सगळं धरून ३५० ग्रॅममध्ये बसवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा टेबलावर कायमचा आणून ठेवा (घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा). मागच्या भागाला हलका बाल्सा निवडून घ्या. दुकानात एकाच जाडीच्या पट्ट्या काट्यावर ठेवल्या तर एकीचं वजन दुसरीच्या दुप्पटही निघतं. हलक्या पट्ट्या शेपटीला, जड पट्ट्या पंखाच्या मुळाशी. रडरचे सर्व्हो फिनच्या बुडाशीच बसवा, कारण धडातून दोन्ही टोकांपर्यंत तारा ओढण्याच्या भानगडीत वजन वाढतं आणि ढिलेपणाही येतो.

पंख हा या विमानाचा जीव आहे आणि डोकेदुखीही. लिबरेटरचा प्रसिद्ध डेव्हिस पंख लांब, अरुंद, आणि मुळाशी २२ टक्के जाड. मूळ विमान ज्या वेगाने आणि ज्या आकारात उडायचं तिथे रेनॉल्ड्स आकडा (आकार आणि वेगानुसार हवा पंखावरून कशी वाहते ते सांगणारा) दोन कोटींच्या घरात जायचा. मॉडेलवर तो चार लाखांच्या आत, आणि टोकाला त्याच्याही निम्म्यावर. तीच आकृती लहान करून लावली तर हवा वरच्या पृष्ठभागावरून लवकर सुटते, आणि टोक आधी स्टॉल झालं की विमान एका पंखावर कोसळतं. तेव्हा वरून दिसणारा आकार मूळ ठेवा, छेद (पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार) बदला: मुळाशी १५-१६ टक्के जाडीचा, क्लार्क-वाय या प्रचलित छेदाच्या जातीचा, टोकाशी १२ टक्के, आणि टोकाची पुढची कड मुळापेक्षा अडीच अंश खाली वळवलेली. ही वळण नंतर आणता येत नाही. रिब (पंखाच्या आडव्या फासळ्या) चिकटवतानाच जिगवर, म्हणजे पंख धरून ठेवणाऱ्या साच्यावर, आणावी लागते. दोन्ही बाजूंना ती सारखी आहे ना, हे कातडी चढवण्याआधी मोजा, चढवल्यावर पुन्हा मोजा.

पंख तीन तुकड्यांत करा. मधला सुमारे पावणेदोन मीटरचा, आतल्या दोन मोटरी आणि चाकं त्याच्यात, आणि बाहेरचे दोन तुकडे कार्बनच्या नळीवर सरकवून बसणारे. बाहेरच्या मोटरी कुठल्या तुकड्यात येतात ते आराखड्यावर आधी पाहून घ्या, कनेक्टर तिथे लागतात. रिब आणि फॉर्मर (धडाच्या फासळ्या) हाताने कापत बसू नका. आराखडा संगणकावर डीएक्सएफ फाइलमध्ये काढून अॅक्रिलिक कापणाऱ्या लेझरवाल्याकडे न्या, तो प्लाय आणि बाल्साही कापतो. फक्त आधी एक रिब कापून खाच स्पारवर (पंखाच्या लांब कण्यावर) घट्ट बसते का बघा, कारण लेझर स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातो.

पंख जोडून झाला की तो उलटा करून मधोमध आधार द्या आणि वाळूच्या पिशव्या ठेवा, मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. १२ किलोच्या विमानाला तीन जी (वजनाच्या तिप्पट भार) धरले तर प्रत्येक बाजूला १८ किलो. पहिल्या पाच-सहा किलोंना पंख नुसता वाकतो. दहाच्या पुढे कुठेतरी कच्च आवाज येतो तेव्हा पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा तो सांध्यावर जमलेला वाळका गोंद असतो. पण आवाज नेमका कुठून आला ते शोधून, तिथली रिब आणि स्पारचा जोड टॉर्चने बघितल्याशिवाय पुढची पिशवी ठेवायची नाही. पिशव्या काढल्यावर टोक पूर्वीच्या उंचीवर परत यायला हवं. आलं नाही, तर स्पार कमी पडतोय.

मोटरी चार, प्रत्येकी ६५०-७०० वॅटच्या, सहा सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्यांवर. लोक प्रत्येक मोटरला स्वतंत्र बॅटरी लावतात, मला ते पटत नाही. बाहेरच्या मोटरीची बॅटरी गेली की विमान त्या बाजूला वळायला लागतं, आणि लांब पंखावर ते सावरेपर्यंत उंची संपते. मी बॅटऱ्यांचे दोन गट करतो: एका गटावर बाहेरच्या दोन्ही मोटरी, दुसऱ्यावर आतल्या दोन्ही. एक गट मेला तरी ओढ समान राहते आणि उरलेल्या दोघी विमान घरी आणतात. ईएससी (मोटरींचा वेग सांभाळणारी सर्किटं) बॅटरीजवळ, धडात ठेवा आणि मोटरीकडच्या तीन तारा लांबवा. बॅटरीकडच्या तारा लांबवल्या तर व्होल्टेजचे झटके ईएससीतल्या कपॅसिटरना मारतात. थंड हवा मात्र त्यांना मिळायला हवी, त्यासाठी नाकात एक भोक आणि मागे त्याच्यापेक्षा मोठं. रिसीव्हरला ईएससीतून वीज देऊ नका, ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या चारही लाल तारा काढून टाका आणि त्याला स्वतःच्या दोन वेगळ्या बॅटऱ्या द्या.

चाकांची एक गंमत. मूळ लिबरेटरचं नाकचाक सुकाणूला जोडलेलंच नव्हतं, ते मोकळं फिरायचं. पायलट ब्रेक आणि इंजिनांचा कमीजास्त जोर यावर वळवायचे. मॉडेलवरही बाहेरच्या मोटरींचा जोर रडरशी मिक्स करून तसं करता येतं आणि जमिनीवर ते फार खरं दिसतं. तरी पहिल्या उड्डाणांसाठी नाकचाकाला सर्व्हो लावा. मुख्य चाकं बाहेरच्या बाजूला, पंखात आडवी जातात आणि अर्धी उघडी राहतात, म्हणजे मोठे दरवाजे करायचा त्रास वाचतो. १४ सेंटीमीटरची चाकं हलकी घ्या. रिट्रॅक्ट (चाकं आत ओढणारी यंत्रणा) मात्र स्वस्तातले घेऊ नका.

आणि बॉम्बच्या कप्प्याचे दरवाजे! बाकीच्या बॉम्बरांचे खाली उघडतात, याचे दुकानाच्या शटरसारखे धडाच्या बाहेरच्या अंगाने वर सरकतात. त्यामुळे हवेचा विरोध कमी आणि जमिनीलगतच्या पोटाखालीही उघडता येतात. मी ते पातळ प्लायच्या पट्ट्या कापडावर चिकटवून केले आणि पितळी खाचेत सरकवले, ओढायला विंच सर्व्हो. दोन्ही कप्प्यांच्या मधून क्रूला चालायला जेमतेम २३ सेंटीमीटर रुंद फळी होती, म्हणजे मॉडेलवर सव्वादोन सेंटीमीटरची पट्टी. ती शोभेची करू नका. मूळ विमानात ती सांगाड्याचा भाग होती, तुम्हीही प्लाय-कार्बनची करून तिच्यावर धडाचा जोर घ्या, नाहीतर एवढं मोठं भोक पाडल्यावर धड पिळवटतं.

चकचकीत धातूचा रंग हवा असेल तर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा मोह टाळा. ०.१५ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरतो, आणि या विमानाचा बाहेरचा पृष्ठभाग साडेतीन चौरस मीटरच्या वर आहे. २५ ग्रॅमचं काचकापड पातळ रेझिनने लावलंत तर सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास बसतं. त्यावर अॅल्युमिनियम रंग. कापडाचं काम पावसाळ्यात काढू नका. ओल्या हवेत बाल्सा पाणी पितो आणि दिवाळीनंतर पंख स्वतःच्या मर्जीने वळतो.

खर्चाचं म्हणाल तर, मोटरी, ईएससी, बॅटऱ्या, सर्व्हो, रिट्रॅक्ट आणि लाकूड धरून दीड ते दोन लाख धरून चाला, रेडिओ तुमच्याकडे आहे असं गृहीत धरून. बहुतेक सामान परदेशी असल्याने आकडा डॉलरबरोबर हलतो. वेळ नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं. लाकडाचं काम भराभर होतं, वायरिंग आणि चाकांची खोबणी वेळ खातात. आणखी एक, मधला पंख तुमच्या जिन्याच्या वळणावरून खाली उतरतो का ते पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा घेऊन आधीच पाहा.

उडवायच्या जागेसाठी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाचा नकाशा बघा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची २०० फुटांवर येते. लोहगावमुळे पुण्यातली बरीच मैदानं त्यातच बाद होतात. विमान सतत नजरेच्या टप्प्यात हवं. पहिलं उड्डाण हिवाळ्यातल्या सकाळी, वारा सुटायच्या आत करा. चाकं खालीच ठेवा, अर्धे फ्लॅप, आणि सीजी (विमानाचा तोलबिंदू) आराखड्यात दिलेल्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला. दोन फेऱ्या झाल्या की भरपूर उंचीवर जाऊन हळूहळू वेग कमी करत स्टॉल कसा येतो ते बघून घ्या, म्हणजे उतरताना किती हळू यायचं ते कळतं. बॅटरी दहा-बारा मिनिटांची असली तरी टायमर सहावर लावा.