अकरावीला बायो सोडलं, आता बायोइलेक्ट्रॉनिक्स जमेल का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात फिजिक्स घेऊन टीवाय बीएस्सी करते. बायोइलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे शरीराशी जोडल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधन करायचंय, पण अकरावीलाच बायो सोडलं. एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीला जाऊ का? बाबा म्हणतात, तीन वर्षांचं फिजिक्स वाया जाईल.

उत्तर : बायोटेक्नॉलॉजीला जाऊ नकोस. एमएस्सी फिजिक्सच कर. तुझी ओढ मनापासूनची वाटली, म्हणून इतकं ठामपणे सांगते आहे.

तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, शरीरात सोडियम-पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. दोघांची गाठ पडते इलेक्ट्रोडच्या, म्हणजे शरीराला टेकणाऱ्या वाहक टोकाच्या पृष्ठभागावर. पेसमेकर असो की ऐकू येण्यासाठी कानात बसवतात ते कॉक्लिअर इम्प्लांट, कस लागतो तो या सांध्यावर, आणि तिथे फिजिक्सवालाच हवा असतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूतला संदेश समीकरणांत मांडला, तेव्हा पेशीचं पटल त्यांनी कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक धरलं होतं. तू प्रॅक्टिकलला चार्ज-डिस्चार्ज करतेस तोच कपॅसिटर!

जॉर्ज मालियारास ग्रीसमध्ये फिजिक्स शिकले, सेंद्रिय पदार्थांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून मेंदूवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचले आणि आता केंब्रिजला आहेत. आपल्याकडे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये के. एस. नारायण हेही मूळचे फिजिक्सचेच. त्यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातला डोळ्याचा पडदा अर्धवाहक पॉलिमरवर ठेवून, प्रकाश पडल्यावर त्यात विद्युत संदेश उमटतात हे दाखवलं.

तुझी खरी उणीव इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची, म्हणजे इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्यात काय घडतं त्या अभ्यासाची आहे, बायोची त्यामानाने कमी. बायोसाठी एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक घे आणि चेतासंस्थेचा धडा नीट वाच; सुरुवातीला तेवढं पुरे. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे. पुढे गेट या परीक्षेला फिजिक्सप्रमाणेच बायोमेडिकल इंजिनिअरिंगचाही पेपर असतो, आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग हा विभागच आहे. पात्रतेच्या अटी मात्र त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः बघ, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

बाबांना सांग, फिजिक्स वाया जात नाही, त्याच्याच जोरावर तुला प्रवेश मिळणार आहे. पण त्यांच्यापासून एक लपवू नकोस : पीएचडीशिवाय इथे स्वतंत्र संशोधन करता येणं अवघड, म्हणजे अजून सात-आठ वर्षं शिक्षण. पीएचडीला फेलोशिप मिळू शकते, तरी घरी हे आजच बोलून घे. पंचविशीत लग्नाचा विषय निघाल्यावर बोलायला गेलीस, तर फार जड जाईल.

आणि या रविवारी एक कर. पेल्यात मिठाचं पाणी घे, त्यात स्टीलचे दोन चमचे एकमेकांना न लागतील असे उभे कर आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून रेझिस्टन्स मोज. आकडा एका जागी थांबणार नाही, सरकत राहील. दर दहा सेकंदांनी वहीत लिही. मग प्रोब उलटे लावून पुन्हा मोज. तारेचा रेझिस्टन्स असा सरकत नाही, मग पाण्याचाच का? दोन्ही आलेख काढ, तुला सुचेल ते कारण खाली लिही आणि त्याचा फोटो मला पाठव.